धन, शून्यासकट

विलेब्रूक, २ नोव्हेंबर १९९३

श्रीमती फेन्ना व्हीर्सेमा यांस,

नवव्या प्रकरणातलं प्रमेयाचं पान तुम्ही परत पाठवलंत. त्यावर ‘नीट वाच’ एवढे दोन शब्द होते. त्यानंतर सप्टेंबर संपला, ऑक्टोबर संपला. मी नीट वाचलं. मग आणखी नीट वाचलं. प्रमेय चुकीचंच आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. दहावं प्रकरण अजून माझ्याकडे आलेलं नाही. प्रकाशकाला उन्हाळ्याआधी सगळं हस्तलिखित हवं आहे, हे तुम्हीच मला कळवलं होतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘एकट्याने शिकणाऱ्यांसाठी विश्लेषण आणि गतीचं गणित’ असं छापायचं, तर एकट्याने शिकलेल्या एका तरी माणसाने त्यातलं प्रत्येक उदाहरण सोडवलेलं असायला हवं. तो माणूस मी आहे. सहा वर्षांपूर्वी गणित संघाच्या पत्रिकेत तुम्ही ‘कुणाच्याही शिकवणीशिवाय शिकलेला वाचक हवा’ अशी जाहिरात दिली होती आणि तिला एकच उत्तर आलं होतं. ते उत्तर माझं. माझ्या बाजूने काम कधी अडलेलं नाही.

इकडे ठीक. काल सर्व संतांच्या सणाला आईच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवून आलो. सगळं गाव तिथे होतं आणि सगळ्यांची शेवंती पिवळी होती. मी पांढरी नेली, कारण आईला पिवळा रंग आवडत नसे. हे फक्त मला ठाऊक आहे, म्हणून लोकांना वाटलं की कोल्सांच्या रॉम्बाउटला यंदा पिवळी मिळाली नाही. वाटू दे.

कालव्यात पाणी शांत आहे. रेतीच्या बोटी कमी झाल्या. बोटींसाठी पूल उचलायला बसतो त्या केबिनमध्ये दुपारपासूनच दिवा लावावा लागतो, आणि दिवा लावला की काचेत पाण्याऐवजी मीच दिसतो. तू म्हणाली होतीस की अशा केबिनमध्ये बसून माणूस एक तर संत होतो नाही तर वकील. म्हणजे, तुम्ही म्हणाला होतात.

वरच्या मजल्यावरची मधली भिंत काढून झाली. माझ्या पाळीनंतर पुलावर येतो तो गोमार, त्याने मदत केली. आता तिथे एक लांब खोली झाली आहे. एक खिडकी कालव्याकडे, एक रस्त्याकडे, आणि दोन टेबलं सहज मावतील. ईस्टरपर्यंत तुम्ही शाळेला निवृत्तीचा अर्ज देणार होतात आणि सीमेपलीकडचं ख्रोनिंगन सोडून इकडे राहायला येणार होतात, त्या बोलण्यावर मी भिंत काढली. हे केवळ माहितीसाठी. भिंत परत बांधता येते. विटा मी फेकलेल्या नाहीत.

दहावं प्रकरण पाठवावं.

आपला,
रॉम्बाउट कोल्स


६ डिसेंबर १९९३

फेन्ना,

‘तुम्ही’ मला झेपलं नाही. मागचं पत्र पेटीत टाकल्यावर दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं वाटत राहिलं.

आज सकाळपासून धुकं आहे. असं धुकं की पूल उघडला तरी त्याची वर गेलेली बाजू दिसत नाही. रस्ता हळूहळू आकाशात शिरतो आणि तिकडेच राहतो. एक बोट खालून गेली असावी. भोंगा ऐकला, इंजिन ऐकलं, कुणी तरी “धन्यवाद हो!” म्हणालं, पण बोट पाहिली नाही. नोंद केली. न पाहिलेल्या बोटीची नोंद करताना हात किंचित थांबतो.

केबिनच्या दारात गोमार संत्री आणि बदामाच्या मिठाईचं डुक्कर ठेवून गेला. लहान मुलांना खाऊ आणणाऱ्या संत निकोलसाने आणलं, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. पन्नाशीच्या माणसाला. मी डुक्कर शेपटीकडून खायला घेतलं आहे.

तुझं प्रमेय मी पुन्हा सांगतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत हे पक्कं होईल. एक कालवा आहे. त्यावर एक पान तरंगतं आहे. प्रत्येक जागी पाण्याचा वेग ठरलेला आहे आणि तू लिहितेस: ‘सगळीकडे वेग धन असेल, तर पान कालव्याच्या दुसऱ्या टोकाला पोचतंच.’ मी म्हणतो, नाही पोचत. मध्ये एखाद्या जागी वेग शून्य असू शकतो. पान त्या जागेच्या जवळ येतं, आणखी जवळ येतं, हळू होतं, आणि कधीच पोचत नाही. साधी गोष्ट आहे. पाण्याशेजारी आयुष्य काढलेल्याला तर आणखीच साधी. म्हणून मी समासात ‘खोटं’ असं लिहिलं. लाल शाईत लिहिलं, कारण चुका लाल शाईतच दाखवायच्या असं पहिल्याच पत्रात तू सांगितलं होतंस.

त्याखाली मी जे वाक्य लिहिलं, की शिकवण्याची सवय लागली की तपासण्याची सुटते, ते वाक्य प्रमेयाबद्दल नव्हतं, हे मान्य. पण ते खोटं नव्हतं.

धुक्यात दुपारी डोळा लागला. स्वप्नात तुझा कालवा होता. त्याच्या दोन्ही काठांवर पुस्तकांची मांडणी होती, पाण्याला पाठ करून. माझं पहिलं फ्रेंच विश्लेषणाचं पुस्तक होतं, जुन्या बाजारात घेतलेलं. त्याची सुरुवातीची पानं फाटलेली होती, त्यामुळे माझं गणित मधूनच सुरू झालं. मग जर्मन, जाड, समीकरणांचं, ज्यातलं क्रियापद सापडेपर्यंत पान उलटावं लागतं. मग ते रशियनवरून उतरवलेलं स्वस्त, खरखरीत कागदाचं, ज्यात आकृत्या इतक्या थोड्या की एक आली की पाहुणा आल्यासारखं वाटतं. आणि या सगळ्यांच्या शेवटी तुझी टाइप केलेली पानं, दोऱ्याने बांधलेली, आणि पानांतली चिन्हं तू हाताने भरलेली. मी पानावर बसून तरंगत होतो. म्हणजे झाडाच्या पानावर, पण त्यावर तुझं अक्षर होतं. पाणी मला नेत होतं. मग हळू. मग आणखी हळू. घाबरण्यासारखं काही नव्हतं. फक्त पुढची जागा दिसत होती आणि ती जवळ येण्याचं संपत नव्हतं.

भोंग्याने जाग आली. कुणाची तरी बोट थांबून होती.

प्रकरण पाठव.

रॉम्बाउट


२ फेब्रुवारी १९९४

फेन्ना,

हे पत्र सावकाश वाच. चहा घेऊन बस.

आठवडाभर कालवा गोठला आहे. बर्फ फोडणारी बोट येईपर्यंत पुलाखाली एक डच बोट बांधून आहे, तुमच्याच भागातली. बोटीचं नाव ‘कधी वाटलं नव्हतं’. नवरा हार्मेन, बायको व्हीत्स्के. आज मेणबत्त्यांचा सण, म्हणजे इकडे घरोघरी पॅनकेक. गोमारने केबिनमधल्या शेगडीवर तवा चढवला आणि वासावर व्हीत्स्के शिडी चढून वर आली. काखेत एक शाळकरी गणिताचं पुस्तक. तिला बोट सोडून जमिनीवर नोकरी करायची आहे आणि त्यासाठी एक परीक्षा द्यायची आहे.

“अहो पूलवाले,” ती म्हणाली, “तुम्हाला गणित फार येतं म्हणतात. हे एवढं बघा, मी बरोबर आहे ना?”

मी बघितलं. समीकरण होतं, त्याची सगळी धन उत्तरं लिहायची होती. तिने एक लिहिलं होतं.

“शून्य राहिलंय,” मी म्हणालो.

“शून्य कशाला? धन उत्तरं मागितलीत.”

“शून्य धन आहे.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पूल पाण्यात उघडला. “ताप आलाय का तुम्हाला?”

तव्यावरून गोमारने मान वळवली. “शून्य धन नाही, तर काय ऋण आहे? कुठल्या शाळेत होतीस गं?”

“शून्य म्हणजे शून्य. ना धन, ना ऋण.”

“वा! आणि राहतं कुठे बिचारं? आमच्याकडे ते दोन्हीत असतं. धनही आणि ऋणही. नको असेल तर ‘काटेकोर धन’ म्हणायचं, सिस्टर गोडेलीव्हनी कान पिळून शिकवलंय. हा बघ, अजून लांब आहे हा कान.”

“हार्मेन!” व्हीत्स्केने खिडकी उघडून खाली हाक मारली. “शून्य धन असतं का रे?”

बर्फावरून आवाज आला. “टाकीत शून्य डिझेल असलं तर बोट पुढे जाते का? नाही ना? मग कसलं धन!”

“आणि मागे जाते का?” गोमार माझ्या खांद्यावरून ओरडला. “नाही ना? मग कसलं ऋण नाही! म्हणजे... थांब, मी काय म्हणत होतो?”

“पॅनकेक वर पाठवा नाही तर खाली पाठवा,” हार्मेन म्हणाला, “पण भांडणात जाळू नका!”

तोवर तो जळलाच होता.

व्हीत्स्केच्या पुस्तकात मागे उत्तरं होती. शून्य नव्हतं. तिच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात चौकटीत छापलं होतं: धन म्हणजे शून्याहून मोठं. मी ती चौकट वाचली. मग तुझं नववं प्रकरण खणातून काढलं आणि तेच पान पुन्हा वाचलं, पण या वेळी व्हीत्स्केच्या कानांनी. ‘सगळीकडे वेग धन असेल, तर’. म्हणजे कुठेही शून्य नाही. म्हणजे पान कुठेही थांबू शकत नाही. म्हणजे पोचतंच. सिद्धता स्वच्छ आहे. एक ओळही जास्त नाही.

तुझं प्रमेय तुझ्या शब्दात खरं आहे. माझं ‘खोटं’ माझ्या शब्दात खरं आहे. आणि शब्द एकच आहे, भाषा एकच आहे. आपल्या दोन देशांमध्ये फक्त एक सीमा आहे, जिच्यावर आता पासपोर्टसुद्धा कुणी बघत नाही. ती सीमा शून्याच्या अलीकडून जाते का पलीकडून, एवढाच वाद होता.

तू पहिल्यांदा इकडे आलीस तो दिवस आठवला. तू पत्रात लिहिलं होतंस की स्टेशनवरून घरी मी ‘लोपेन’ येईन. आमच्याकडे लोपेन म्हणजे धावणं. मी दारात टॉवेल आणि पाण्याचा ग्लास घेऊन उभा. कोपऱ्यावरून छत्री टेकत, दुकानांच्या काचा बघत एक बाई येताना दिसली, आणि मी तिच्या मागे धावणारी बाई शोधत राहिलो. तू ग्लास घेतलास, पाणी प्यायलीस आणि टॉवेलकडे नुसतं पाहिलंस. तुमच्याकडे तो शब्द म्हणजे चालणं, हे मला संध्याकाळी कळलं. तेव्हा आपण हसलो होतो.

तर निष्कर्ष असा. चूक कुणाचीच नाही. पुस्तक दोन्हीकडे विकायचं आहे, तेव्हा प्रस्तावनेनंतर लगेच एक वाक्य घाल: ‘या पुस्तकात धन म्हणजे शून्याहून मोठं; दक्षिणेकडच्या वाचकांनी सावध राहावं.’ शब्दरचना मी पक्की करून सोबत जोडली आहे, स्वल्पविरामासकट. माझा लाल शेरा रद्द समजावा. नववं प्रकरण मंजूर. अर्ज देऊन टाक. ईस्टरला ये. वरच्या खोलीत रंग लावून झाला आहे.

गोमार विचारतो आहे की तू तीच का, टॉवेलवाली. मी हो म्हणालो.

रॉम्बाउट


१० मार्च १९९४

फेन्ना,

काल टेलिफोनवर तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. इकडच्या टोकाला काय झालं ते तुला दिसलं नाही. म्हणून लिहितो.

केबिनमधला टेलिफोन खात्याचा आहे. त्यावर कुणी माझं नाव घेत नाही, पुलाचा क्रमांक घेतात. तेव्हा “रॉम्बाउट, मी फेन्ना” हे ऐकल्यावर मी आधी तारांकडे पाहिलं, खांबावरून खांबावर जाणाऱ्या, शेतावरून दूर जाणाऱ्या, जणू तू त्यांच्यावरून चालत येत होतीस. तुमच्या अर्थाने चालत.

“बोल,” मी म्हणालो.

“मला माहीत होतं.”

“कशाबद्दल ते सांग.”

“शून्याबद्दल. तुमच्याकडे ते आत असतं, हे मला सप्टेंबरमध्येच माहीत होतं. अरे, मी जन्मभर हेच शिकवते. तुमच्या बाजूची पुस्तकंही माझ्या कपाटात आहेत.”

त्याच क्षणी उत्तरेकडून लाकूड भरलेली बोट आली आणि भोंगा वाजला. मी म्हणालो, एक मिनिट, बोट आहे. तू म्हणालीस, उघड, मी थांबते. मी एका हातात रिसीव्हर धरून दुसऱ्या हाताने घंटा दिली, फाटक पाडलं, पूल उचलला. ओल्या ओंडक्यांचा वास आत आला. सगळा वेळ तू कानाशी श्वास घेत होतीस. बोट इतकी लांब होती की संपेचना. मला ती संपायला नको होती.

“मग तसं लिहायचं होतंस,” मी म्हणालो.

“लिहिलं की. ‘नीट वाच.’”

“दोनच शब्द.”

“तुझा तर एकच होता.”

“तो शेरा मी रद्द केला आहे.”

“शेऱ्याचं मला काही नाही रे. तू विचारायचं होतंस. ‘फेन्ना, धन म्हणजे तुला काय म्हणायचंय?’ बस. त्यासाठी सप्टेंबरपासून थांबलेय मी. आणि तुला ते शेवटी कळलं कुणाकडून, तर पॅनकेक खायला आलेल्या बाईकडून. तिलाही तू विचारलं नाहीस, तिनेच तुला विचारलं.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“परवा तुझी सगळी पत्रं काढून बसले,” तू म्हणालीस. “सुंदर पत्रं आहेत, रॉम्बाउट. कधी कधी वर्गात मुलं गोंधळ घालत असतात तेव्हा तुझं एखादं वाक्य मनात म्हणते. पण सहा वर्षांत त्यात तुझं स्वतःचं एक प्रश्नचिन्ह नाही.”

“असेल कुठे तरी.”

“नाही. मी शोधलं.”

“मी माहिती मागवतो. प्रकरण पाठव, असं लिहितो.”

“तेच तर म्हणते. पाठव. सांग. कळव. अर्ज टेबलावर आहे माझ्या. ईस्टरची सुट्टी संपेपर्यंत मुदत आहे. तिथे येऊन त्या लांब खोलीत एका टेबलाशी मी बसायचं, आणि दुसऱ्या टेबलावरून मरेपर्यंत उत्तरं यायची. मास्तरीण आहे मी, उत्तरं ऐकून कान किटलेत माझे.”

“तर मग काय करायचं ते सांग.”

तू हसलीस. चांगलं नव्हतं ते हसणं. “बघ. हेसुद्धा.”

मग म्हणालीस, “मला एक प्रश्न पाठव. खरा. ज्याचं उत्तर तुझ्याकडे नाही असा. तो आला की सही करते. नाही आला तर पुस्तक मी एकटी पुरं करेन. तुझं नाव आत घालेन, मोठ्या टायपात. काळजी करू नको.”

टेलिफोन बंद झाला तेव्हा पूल अजून वरच होता आणि फाटकाशी दुधाची गाडी, सायकली, पाववाली म्हातारी, सगळे माझ्याकडे बघत होते. पाववाली ओरडली, “रॉम्बाउट, बोट काय स्वप्नात जातेय का? खाली आण ते!”

आता माझं ऐक. मला शाळेने चौदाव्या वर्षी सोडलं. त्यानंतर जे शिकलो ते पुस्तकांकडून. पुस्तकासमोर हात वर करून काही होत नाही. ‘हे उघडच आहे’ असं ते लिहितं आणि पुढे जातं. तुम्ही तिथेच राहता, एक दिवस, एक हिवाळा, आणि एका सकाळी दाढी करताना ते उघड होतं. मग त्या पुस्तकावर तुमचा हक्क असतो. उत्तर ज्याने स्वतः मिळवलं त्यालाच ते कळतं, असं मी मानत आलो. न कळलेली गोष्ट मी कुणाला कधी दाखवली नाही. जखम झाली तर मांजर कपाटाखाली जातं, तसं मी माझं न कळणं घेऊन केबिनमध्ये जातो आणि बरा होऊन बाहेर येतो. सहा वर्षं तुला ज्या ओळी पाठवल्या, त्या बऱ्या झालेल्या ओळी होत्या.

यात चूक काय आहे ते मला दिसत नाही. पण प्रश्न पाठवीन. तो काही अवघड भाग नाही.

रॉम्बाउट


१९ मार्च १९९४

फेन्ना,

मागितल्याप्रमाणे प्रश्न:

रेषेवर असं एखादं फलन असतं का, जे कुठेही तुटत नाही, पण ज्याला एकाही बिंदूशी स्पर्शिका काढता येत नाही?

विधान दोनदा तपासलं आहे. प्रश्नचिन्ह शेवटी दिलं आहे. सोयीसाठी अपेक्षित उत्तर संपूर्ण सिद्धतेसह मागच्या पानावर लिहिलं आहे.

रॉम्बाउट


३१ मार्च १९९४

फेन्ना,

तुझं पाकीट काल आलं. माझा कागद परत. मागच्या पानावर तुझ्या बारीक पेन्सिलीत: ‘उत्तर सुरेख. प्रश्न अजून यायचा आहे.’ आणि सोबत दहावं प्रकरण, दोऱ्याने बांधलेलं.

आज पवित्र गुरुवार. इकडे म्हणतात की आज चर्चच्या घंटा रोमला उडून जातात आणि ईस्टरला परत येतात. तोवर गावात कुठलीच घंटा वाजत नाही. पुलाची तेवढी वाजते. दर वेळी वाजवली की काठावरची माणसं दचकून वर आकाशात बघतात, एक मागे राहिली की काय म्हणून.

काल संध्याकाळी आणि आज दिवसभर दहावं वाचलं. पाणी स्वच्छ होतं, वारा नव्हता. बोटी अशा आल्या की जणू त्यांनाही आवाज करायचा नव्हता. मी पूल उचलायचो, त्या खालून सरकायच्या, मी पूल ठेवायचो, आणि पान तेच असायचं.

तू लिहितेस की समतोलाच्या बिंदूचे दोन गुण असतात. एक, स्थिर: त्याच्या जवळून जे निघालं ते कायम जवळच राहतं. दोन, ओढणारा: जवळून जे निघालं ते कुठेही फिरलं तरी शेवटी त्याच्याकडेच येतं. मग एक ओळ सोडून लिहितेस: ‘दुसऱ्या गुणातून पहिला निघत नाही.’ खाली आकृती नाही. उदाहरण नाही. ‘हे उघडच आहे’ असंही लिहिलेलं नाही. फक्त पांढरी जागा आहे, हाताच्या तळव्याएवढी. आधी मला वाटलं की तू विसरलीस. मग वाटलं की तू विसरलेली नाहीस.

मी फ्रेंच काढलं. ते म्हणतं, स्पष्ट आहे. जर्मन म्हणतं, वाचकाने स्वतः पडताळावं. रशियनमध्ये आकृती आहे. एक वक्ररेषा बिंदूपासून निघते, मोठा वळसा घेऊन पार पानाच्या कडेपर्यंत जाते आणि दुसऱ्या बाजूने त्याच बिंदूत परत येते. मी त्या रेषेवर बोट ठेवून गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. बोट गेलं तिकडे मीही जात होतो, शेतं, धरणं, तुमच्या बाजूचं सपाट निळं आकाश, आणि परत. रेषा बरोबर काढली आहे. पण मन तिथे येत नाही.

गोमार पाळीवर आला. मला तसंच बसलेलं बघून म्हणाला, “काय रे, अडलंय?”

मी नेहमीचं उत्तर तोंडाशी आणलं होतं. मग म्हणालो, “हो.”

तो टोपी काढता काढता थांबला. “खरंच?”

“खरंच.”

“मग विचार ना त्या टॉवेलवालीला,” तो म्हणाला, आणि शेगडीवर पाणी ठेवायला वळला, जणू यात काही विशेष नव्हतं.

मी घरी गेलेलो नाही. इथेच, त्याच्या टेबलाच्या कडेला लिहितो आहे. पहिला कागद मी फाडला, कारण त्यात प्रश्नाच्या आधी तीन परिच्छेद मला काय काय माहीत आहे याचे झाले होते. हे थोडकं लिहितो. अजून बरं झालेलं नाही, तसंच पाठवतो.

सगळं जर शेवटी त्याच बिंदूकडे येत असेल, तर त्याला स्थिर का म्हणायचं नाही? मध्ये दूर जातं म्हणून? पण परत येतं ना? आणि परत येईपर्यंत त्या बिंदूने काय समजायचं? मला हे कळत नाही, फेन्ना. दाढी करतानाही कळणार नाही असं वाटतं. मला समजावशील?

अजून एक आहे, ते गणिताचं नाही. त्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या मागे नाही, आणि सहा वर्षांत ते मी शोधलंही नाही.

तू कशी आहेस?

रॉम्बाउट